गारगोटीचे हात

कुणाच्या पायाला भिंगरी असते, कुणाच्या जिभेला हाड नसतं. या पोरीच्या वाट्याला गार हात आले होते. ऐन उन्हाळ्यात, डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत असतानाही हिची बोटं नुकतीच माठातून काढल्यासारखी. आईचेही हात तसेच. घरात कुणाला ताप भरला की दोघींपैकी जी मोकळी असेल तिला हाक जायची, "ये गं, कपाळावर हात ठेव जरा." ओल्या फडक्याचं काम परस्पर भागायचं.

बापाचे हात मात्र याच्या बरोब्बर उलट. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी, मागे कपड्यांचे गठ्ठे आणि टेबलाच्या कडेला पाण्याची वाटी. वाटीत बोट बुडवून तो ते इस्त्रीच्या तळाला निसटतं लावायचा, चर्र आवाज ऐकायचा आणि त्यावरून ठरवायचा, आता सुती घ्यायचं की तलम. वर्षानुवर्षं असं करून बोटांची कातडी चामड्यासारखी झालेली. गरम चहाचा ग्लास तो काठाला धरून नाही, सरळ मुठीत धरून प्यायचा. "माझ्या हाताला आता काही लागत नाही," असं म्हणायचा, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

तर अशा घरातली ही पोरगी डॉक्टरीला गेली. पहिली वर्षं मेलेल्या देहांवर आणि काचेच्या बरण्यांवर गेली. मेलेला माणूस हात गार आहेत म्हणून तक्रार करत नाही. पुस्तकंही करत नाहीत. हात गार असण्यात काही वावगं आहे हे तिला कळलं ते जिवंत माणसांच्या वॉर्डात उभं राहिल्यावर.

पहिल्याच सकाळी तिने एका म्हाताऱ्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हातारा खाटेवरून वीतभर वर उडाला.

"डॉक्टरीणबाई," तो पोट सावरत म्हणाला, "थेट फ्रीजमधून आलात काय?"

शेजारच्या खाटा हसल्या. बरोबरची पोरं हसली. तीही हसली, कारण त्या वेळी दुसरं काय करणार.

वॉर्डाचे मोठे सर शिकवताना फार बोलत नसत, पण बोलत ते ध्यानात राहायचं. ते म्हणाले होते, "पोट तपासणं म्हणजे परक्याचं दार ठोठावणं. धाडकन लाथ घालून आत शिरलात तर घरातले दडून बसतात, दाराला कडी लावतात. मग तुम्ही म्हणणार, घर बंद आहे. घर बंद नसतं, तुम्ही बंद करायला लावलेलं असतं." सगळ्यांनी माना डोलवल्या. तिनेही डोलवली. ऐकलेलं आणि उमजलेलं यांत केवढी दरी असते ते पुढच्याच आठवड्यात दिसलं.

पोटात दुखतं म्हणून एक टेम्पोवाला आला. मोठ्या सरांच्या हाताखाली एक रेसिडेंट डॉक्टर होता. सडसडीत, सदा घाईत, खिशाला तीन पेनं. पुढे या वॉर्डात एक मावशी आली आणि तिने त्याला 'मॉनिटर' असं नाव ठेवलं. आपणही तेच वापरू. तर हा मॉनिटर दुसऱ्या रुग्णाच्या जखमेला टाके घालत होता. तिथूनच ओरडला, "जा गं, त्याचं पोट बघ. मऊ आहे का कडक, एवढंच सांग."

तिने बघितलं. बोटं टेकताच टेम्पोवाल्याने श्वास आत ओढला आणि त्याचं पोट हाताखाली फळीसारखं ताठ झालं. पुस्तकात लिहिलेलं तसंच्या तसं. फळीसारखं पोट म्हणजे आत काहीतरी फुटलंय. धावत जाऊन तिने सांगितलं, मॉनिटरने टाके टाकता टाकता मान हलवली, आणि मग चक्रं फिरली. ऑपरेशन थिएटरला निरोप गेला. ट्रॉली आली. टेम्पोवाल्याची बायको पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीशी बसली.

मोठे सर अर्धा चहा टाकून आले. त्यांनी आधी हातावर हात चोळले. मग टेम्पोवाल्याला विचारलं, "गाडी कुठली तुझी? ओझं किती भरतोस?" तो सांगायला लागला. बोलता बोलता तो टायरांच्या विषयावर आला तेवढ्यात सरांचा हात त्याच्या पोटावर जाऊन स्थिरावलाही होता. पोट भिजवलेल्या कणकेसारखं मऊ.

सरांनी वळून तिचा पंजा हातात घेतला आणि लगेच सोडला.

"आता ऑपरेशन कुणाचं करायचं?" ते म्हणाले. "ह्याच्या पोटाचं, का हिच्या हातांचं?"

वॉर्ड खदखदला. टेम्पोवाला सगळ्यांत मोठ्याने हसला, त्याला तर पुनर्जन्मच मिळाला होता. गॅस धरला होता, दुसरं काही नाही. संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी गेला. सर तिला आणखी काही बोलले नाहीत. बोलले ते मॉनिटरला, तेही बाजूला नेऊन, पण बाजू फार लांब नव्हती. "तू स्वतः हात लावला होतास का? मग थिएटरला निरोप कुणाच्या भरवशावर पाठवलास?"

मॉनिटर परत आला तो कान लाल करून. "आजपासून तू गारगोटी," त्याने तिला सांगितलं. "आणि ऐक. यापुढे तू मला काही सांगायला आलीस ना, तर मी आधी तुझे हात तपासणार, मग पेशंट."

नाव चिकटलं. सफाईवाल्या बाईपासून सिस्टरपर्यंत सगळे गारगोटी म्हणायला लागले, बरेचसे प्रेमानेच. पण प्रेमाने मारलेला खडाही लागायचा तिथे लागतोच. तिने हातांवर सगळे उपाय केले. गरम पाण्यात बुडवून पाहिले, चोळून पाहिले, काखेत धरून पाहिले. रुग्णापर्यंत पोचेतो पुन्हा जैसे थे. मग ती घोळक्यात मागे उभी राहायला लागली. सर एकेकाला हात लावायला सांगत, "यकृताची कड लागली?" पुढची पोरं "लागली सर" म्हणत, तीही म्हणे, "लागली सर." तिला काहीही लागलेलं नसे. बोटांची टोकं कातडीला जेमतेम शिवली की ती हात मागे घ्यायची, जणू चोरी करायला आली होती.

घरी तिने हे सांगितलं नाही. पण बाप इस्त्रीवाला असला तरी आंधळा नव्हता. पोरगी जेवताना हात मांडीखाली घेऊन बसते हे त्याने पाहिलं. सकाळी तिचा पांढरा ॲप्रन तोच इस्त्री करायचा. त्याने काय केलं, सगळा ॲप्रन उरकल्यावर शेवटी दोन्ही खिसे घ्यायला लागला. आतून कापडाची दुहेरी घडी घालून, इस्त्री दाबून धरून. "खिशात हात घालून जा," म्हणाला. ती तशी जायची. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत ऊब पुरायची. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता.

आणि मग खिडकीजवळच्या खाटेवर मावशी आली.

मावशी एका शाळेत शिपाई होती. आवार झाडणं, पाणी भरणं सगळं आलंच, पण तिचं खरं काम घंटा देणं. ओसरीत टांगलेला पितळी तास आणि लाकडी हातोडा हे तिचं राज्य. घंटा द्यायला निघाली असता जिन्यावरून पाय सटकला, आणि हातोड्यासकट खाली आली. डाव्या अंगाच्या दोन फासळ्या मोडल्या. "हातोडा वाचला," ती येईल त्याला सांगायची. "हातातून सुटू दिला नाही. सोडला असता तर कठडा धरता आला असता, पण अक्कल नंतर येते."

फासळ्यांना काही करायचं नसतं, आपोआप जुळतात. आल्या दिवशीची सोनोग्राफी साफ होती. तरी चार दिवस नजरेखाली असू दे म्हणून सरांनी ठेवून घेतलं होतं. मावशीने दुसऱ्याच दिवशी वॉर्डाची शाळा करून टाकली. मोठे सर हेडमास्तर. सिस्टर वर्गबाई. रेसिडेंट मॉनिटर. समोरच्या खाटेवरची घोरणारी बाई शेवटच्या बाकावरची.

गारगोटी तिला तपासायला आली तेव्हा मावशीने तिचा हात हवेतच पकडला.

"थांब. हे काय आहे?"

"हात आहेत मावशी. गार असतात. सॉरी."

"सॉरी कुणाला म्हणतेस? दे इकडे. दोन्ही दे." मावशीने तिचे पंजे आपल्या पंजांत घेतले आणि वरून दाबले. रुंद, खरबरीत, चुलीमागच्या भिंतीसारखे उबदार हात. "थंडीच्या दिवसांत पहिली-दुसरीची पोरं अशीच यायची. पेन्सिल धरता यायची नाही. शाळा भरायच्या आधी एकेकाचे हात धरून बसायची मी. रांग लागायची माझ्यापुढे, हेडमास्तरांपुढे नाही लागायची तेवढी."

"मला जायचंय मावशी, बाकीचे पेशंट..."

"बस गप. हाताला गुण यायचा तर आधी ऊब यायला नको?"

हात गरम झाले. खरोखर झाले, बोटांच्या टोकापर्यंत. मग मावशीने स्वतःच गाऊन सारखा केला, आडवी झाली आणि म्हणाली, "हं. बघ आता काय बघायचं ते."

तिने हात ठेवला. पोट आपल्या जागी होतं, मऊ, निवांत. श्वास आत आला की बोटं वर उचलली जात, बाहेर गेला की खाली. तिने हात काढला नाही. किती दिवसांनी तिला हाताखाली काहीतरी लागत होतं, आणि ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून सकाळचा तो शिरस्ताच झाला. आधी हात मावशीकडे, मग वॉर्डात. मावशीची ऊब घेऊन ती पुढच्या दोन-तीन खाटा करायची, मग काहीतरी निमित्त काढून परत यायची. "संपली का?" मावशी विचारायची. "आण, भरून देते."

अशाच एका सकाळी तिने टेम्पोवाल्याची गोष्ट सांगितली. मावशी फासळ्या धरून हसली, मग हसल्याबद्दल कळवळली.

"माझं ऐक," ती म्हणाली. "एकदा मी मधल्या सुट्टीची म्हणून घंटा दिली ती शाळा सुटल्याची. लांब टोल दिला, सवयीने. अख्खी शाळा दप्तरं घेऊन पसार. हेडमास्तर रिकाम्या वर्गात खडू घेऊन उभे."

"मग?"

"मग काय, बोलणी खाल्ली. त्याचं काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझा हातच उठेना. वेळ झाली तरी घड्याळाकडे बघत बसायची, खरंच झाली का, का मलाच वाटतंय. रोज घंटा उशिरा. पोरं ताटकळायची, मास्तर करवादायचे. ती चुकीची घंटा पोरांच्या लाडाची झाली, अजून भेटली की आठवण काढतात. उशिराच्या घंटेला मात्र कुणी माफ केलं नाही."

"तुम्ही कशा बाहेर आलात त्यातून?"

"कशाची बाहेर. अजून हातोडा उचलताना घड्याळ दोनदा बघते. उचलायचा तरी."

मावशीला घरी सोडायचं ठरलं त्या सकाळी तिची लेक लवकरच आली. पिशवी भरून झाली, उशीखालचा कंगवा, चष्मा गोळा झाला. कागदांवर तेवढी मॉनिटरची सही राहिली होती. लेक खाली गाडी बघायला गेली.

गारगोटी नेहमीसारखी आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. "शेवटचे भरून द्या मावशी. उद्यापासून काय करू मी?"

मावशीने हात घेतले. पण बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. "पाणी दे गं थोडं," म्हणाली. दोन घोट प्याली. "मान अवघडलीये वाटतं. डावा खांदा धरलाय सकाळपासून."

गारगोटीने पुन्हा तिच्या हातांत हात दिले आणि वाट पाहिली. ऊब येईना. आज आपलेच हात जास्त गार असतील, तिला वाटलं. जरा वेळ गेला. मावशीचे तळवे ओलसर होते. तिने नाडी धरली. भरभर चालली होती.

"सिस्टर, मावशींचं सकाळचं बीपी?"

"घेतलं की उजाडताच. छान आहे," सिस्टर औषधांच्या ट्रेवरून मान वर न करता म्हणाल्या.

"नाडी पळतेय."

"घरी जायचं म्हटलं की सगळ्यांचीच पळते. माझीसुद्धा."

तिने मावशीला आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. हाताखाली पोट ताठ झालं.

तिने चटका बसल्यासारखा हात उचलला. टेम्पोवाल्याचं पोट असंच लागलं होतं. अगदी असंच. ट्रॉली, भिंतीशी बसलेली बायको, मोठ्या सरांचा अर्धा चहा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आज हातांना उसनी ऊबही मिळालेली नव्हती. हे ताठणं मावशीचं की आपल्या बोटांचं, सांगायचं कसं? ती बेसिनकडे गेली. नळाला गरम पाणी नव्हतं. ती तशीच नळापुढे उभी राहिली, आणि खालून लेकीचा आवाज आला, "आई, गाडी मिळाली, चल."

सांगितलं आणि खोटं निघालं, तर या वॉर्डात जन्मभर गारगोटी. नाही सांगितलं आणि काही नसलं, तर मावशी मजेत घरी. नाही सांगितलं आणि काही असलं तर?

तिने ओले हात ॲप्रनला पुसले, आणि पुसता पुसता तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. इतकी साधी की आधी कशी आली नाही याचंच नवल. तिच्या हाताला माणसं ऊन लागत. सगळीच. निरोगी, आजारी, म्हातारी, कोण का असेना. तिचे हातच असे की समोरचा गरम वाटायचा. या हातांना गार लागलेलं माणूस तिने आठवून पाहिलं. फक्त एका जागी आठवलं. पहिल्या वर्षी, त्या लांब दालनात, दगडी टेबलांवर.

ती धावत सुटली. मॉनिटर ओपीडीला जायला जिन्यापाशी पोचला होता, हातात मावशीचे कागद, तीनातलं एक पेन उघडं.

"सर, मावशींना सोडू नका."

"का?"

"हात गार आहेत."

"कुणाचे?"

मागून जाणारा वॉर्डबॉय फिस्सकन हसला. तिने तिकडे बघितलं नाही. "त्यांचे, सर."

"आणि हे ठरवलं कुणी? गारगोटीने?" मॉनिटरने पेनाचं टोपण शोधलं. "बर्फाने सांगावं पाणी गार आहे म्हणून."

"म्हणूनच सांगते सर. माझ्या हाताला कुणी गार लागत नाही. तुम्ही नाही लागणार, सिस्टर नाही लागणार. त्या लागल्या. काल नव्हत्या."

त्याचा हात थांबला. "पोट?"

"कडक लागतंय. पण ते माझ्या हातांमुळे असेल. पोटाचं मी काही सांगत नाही सर. हातांचं सांगते. आणि नाडी पळतेय. आणि डावा खांदा दुखतोय म्हणाल्या."

"डावा खांदा," तो म्हणाला, आणि टोपण न लावताच परत फिरला. वाटेत तो पुटपुटत होता, ओपीडीबद्दल, नशिबाबद्दल.

त्याने मावशीचा हात धरला. मग त्याने, मोठे सर करत तसे, तळवे चोळले आणि पोटावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. मावशीने डोळे किलकिले केले. "मॉनिटर," ती क्षीण आवाजात म्हणाली, "सही केली का?"

"करतो मावशी. सिस्टर, बीपी घ्या. आत्ता."

पट्टा फुगला, उतरला. सिस्टरांनी पुन्हा फुगवला. दुसऱ्यांदा त्यांनी आकडा सांगितला तो एकदम हलक्या आवाजात, आणि मग कुणी कुणाशी हलक्या आवाजात बोललं नाही. पलंगाचं पायथ्याचं टोक उचललं गेलं, दोन्ही हातांत सुया लागल्या, रक्ताला माणूस पळाला. लेक दारात आली तेव्हा आईला ट्रॉलीवर घेत होते. ट्रॉलीची एक बाजू गारगोटीने धरली होती.

"डाव्या फासळ्यांच्या आड एक पानथरी असते," मॉनिटरने चालता चालता लेकीला सांगितलं. "प्लीहा म्हणतात ती. पडल्या तेव्हाच तिला चीर गेली असणार. वरच्या पातळ सालीने इतके दिवस रक्त आत धरून ठेवलं. आज साल फाटली."

"पण तुम्ही तर घरी सोडत होता," लेक म्हणाली.

थिएटरचं दार त्याच्या मागे बंद झालं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या, मध्ये ती भरलेली पिशवी. लेकीने विचारलं, "वाचेल ना हो?" वॉर्डात गारगोटीला कुणी अहोजाहो करत नसे. माहीत नाही, असं म्हणायचं धैर्य झालं नाही, आणि हो म्हणायचा तर अधिकारच नव्हता. तिने लेकीच्या हातावर हात ठेवला. लेकीचा हात ऊन लागला. एवढं तरी बरं, तिला वाटलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी मोठे सर बाहेर आले. पानथरी काढावी लागली होती. पोटात रक्तच रक्त होतं. "वेळेत पोचलो का, ते मावशीच सांगतील आता," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता थेट दुकानात गेली. बाप एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता. ती टेबलाच्या कडेला बसली आणि सगळं सांगून टाकलं, टेम्पोवाल्यापासून. बाप तीच कॉलर पुन्हा पुन्हा दाबत राहिला. सांगून झाल्यावर इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाला, "दाखव." तिने हात दाखवले. त्याने ते धरले, उलटेपालटे केले, आणि कसनुसा झाला.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. "गार आहेत का ऊन, मला आता कशाचंच कळत नाही." आणि बराच वेळ त्याने ते सोडले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मावशी काचेपलीकडच्या खोलीत होती, नळ्यांच्या जाळ्यात. गारगोटी खिशांत हात घालून रस्ताभर जवळजवळ पळत आली होती, जिनाही पळतच चढली, तेव्हा कुठे थोडी ऊब वरपर्यंत टिकली. तिने ती मावशीच्या पंजाभोवती धरली. मावशीचा पंजा तसाच, गार आणि जड. बोटंही हलली नाहीत. तिचे हात होते त्याहून गार झाले आणि ती निघाली.

दाराशी मॉनिटर उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"काल त्यांचं पोट कडकच होतं," तो म्हणाला. "तुझ्या हातांमुळे नव्हतं ते."

तिने हात खिशांत घातले.

"टेम्पोवाल्याचं मात्र तुझ्या हातांमुळेच होतं. उगीच हवेत जाऊ नकोस."

"सर, मला दोन्ही सारखीच लागली होती."

मॉनिटरने खिशातलं एक पेन काढून दुसऱ्या खिशात लावलं. "मलाही लागतात कधीकधी," तो म्हणाला आणि निघून गेला.

हे तिला सबंध दिवस पुरलं. म्हणजे हात गरम झाले तरी हे मिटणार नव्हतं. खरं पोट आणि घाबरलेलं पोट हाताखाली एकसारखं लागू शकतं, आणि तरी कुणाला तरी जाऊन सांगावंच लागतं. टेम्पोवाल्याच्या वेळी तिने जे केलं ते चुकीचं ठरलं, पण करण्यात चूक नव्हती. चूक घाईत होती. नंतर मागे उभं राहून "लागली सर" म्हणत राहिली, ती खरी चूक, आणि त्याबद्दल तिला कुणी एका शब्दाने टोकलं नव्हतं. त्या दिवशी सरांनी विचारलं, "कड लागली?" पुढची पोरं "लागली" म्हणाली. तिची पाळी आली. "नाही लागली सर," ती म्हणाली. "पुन्हा बघू का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "बघ. सावकाश."

ती रोज काचेपलीकडच्या खोलीत जात राहिली, रोज पळत. लेक रोज विचारायची, रोज तेच उत्तर मिळायचं. मग घशातली नळी निघाली. मावशी झोपून असायची, डोळे उघडायची, ओळख पटल्यासारखी बघायची आणि पुन्हा मिटायची. हात तसाच पडून.

एका सकाळी तिला उठायलाच उशीर झाला. बापाने ॲप्रन तयार ठेवला होता, पण तिने तो तसाच खांद्यावर टाकला. खिशांची तिला आठवणच राहिली नाही. वॉर्डात पोचल्यावर सिस्टरांनी कामाला जुंपलं. बाटल्या धुतल्या, पट्ट्या ओल्या केल्या, आणि त्याच हातांनी ती मावशीच्या खोलीत शिरली. खाटेशी वाकून तिने सवयीने मावशीचा पंजा हातात घेतला.

पंजा झटक्याने मागे गेला.

"अगं ए," मावशी डोळे न उघडता खरखरीत आवाजात म्हणाली. "केवढे गार हात. मारतेस का मला?"

गारगोटी जागच्या जागी उभी राहिली. सॉरी तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच राहिलं. काचेबाहेर लेक उभी होती. तिला ऐकू गेलं नव्हतं, ती हातांनीच विचारत होती, काय झालं, काय म्हणाली.

मावशीने एक डोळा उघडला. नळी लावलेला हात कष्टाने चादरीवरून सरकवला आणि तळवा वर केला.

"उभी काय राहिलीस," ती म्हणाली. "दे इकडे. दुसरापण दे."

तिने दिले.